लोखंडाचा विटाळ

सत्तरच्या दशकात मी हिंगोलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. त्या काळात मला दोन गोष्टींचा मनापासून राग यायचा, एक वीज आणि दुसरं लोखंड. वीज सारखी जायची म्हणून, आणि लोखंड काही केल्या जायचं नाही म्हणून.

विजेचं सगळ्यांना कळायचं. लोखंडाचं मात्र प्रत्येकाला समजावून सांगावं लागे, आणि सांगून झालं की समोरचा माणूस माझ्याकडे जरा काळजीने बघे. माझं संशोधन चुंबकीय पदार्थांच्या पातळ थरांवर होतं. काचेच्या पट्टीवर कोबाल्ट आणि लोखंड यांच्या ऑक्साइडचा थर बसवायचा, आणि तोही इतका पातळ की पट्टी खिडकीपुढे धरली तर पलीकडचं लिंबाचं झाड तपकिरी रंगात दिसावं. एवढ्याशा थरात चुंबकत्व ते किती असणार! ते मोजायला गेलं आणि पट्टीला कुठून तरी साध्या लोखंडाचा कीस चिकटलेला असला, तर यंत्र त्या किसाचंच चुंबकत्व दाखवून मोकळं होणार. आपला थर बिचारा त्याच्याखाली दबून जाणार.

"म्हणजे लोखंडाचंच काम करायचं आणि लोखंडालाच शिवू द्यायचं नाही?" भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याने एकदा विचारलं.

"वरणात मीठ लागतं म्हणून कोणी पातेल्यात गोणी रिकामी करत नाही," मी म्हटलं.

तो हसला, आणि स्टाफरूममध्ये जाऊन त्याने जाहीर केलं की आमच्या सरांनी सोवळं पाळायला सुरुवात केली आहे. झालं. तेव्हापासून माझ्या खोलीचं नाव सोवळ्याची खोली पडलं. विद्यार्थीसुद्धा दारातून विचारायचे, "सर, येऊ का, का सोवळं आहे?" मी वरवर हसायचो, पण आतून माझा तिळपापड व्हायचा.

कारण आम्ही बौद्ध. सोवळं या शब्दाच्या दुसऱ्या टोकाला माझ्या घराण्याने पिढ्याच्या पिढ्या काढलेल्या. धम्मदीक्षेनंतर माझ्या वडिलांनी घरातले देव एका धोतरात बांधले आणि पूर्णा नदीच्या डोहात नेऊन सोडले. तेव्हा मी शाळकरी होतो, काठावर त्यांची चप्पल सांभाळत उभा होतो. वडील पुढे वारले, आई सिद्धेश्वरजवळच्या आमच्या गावी राहायची. धरणाचं पाणी आल्यापासून आमच्या तुकड्यात भुईमूग होत होता आणि आईचा जीव त्यात अडकलेला असायचा.

एकदा ती बाजाराच्या दिवशी हिंगोलीला आली आणि डबा द्यायला थेट कॉलेजात, माझ्या खोलीपर्यंत पोचली. मी नुकत्याच तयार झालेल्या पट्ट्या कापसावर मांडत होतो. तिच्या पिशवीतून नव्या खुरप्याचा दांडा बाहेर डोकावत होता. मी ओरडलोच, "आई, दारातच थांब! आत येऊ नको."

ती उंबऱ्याबाहेर थांबली. मी हात पुसून बाहेर गेलो, डबा घेतला, आणि तिला खुरप्याचं, किसाचं, यंत्राचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्या हाताचा इटाळ व्हायचा लोकायला," ती म्हणाली. "आता तू लोखंडाचा धरून राहिला व्हय?"

मी म्हटलं, "आई, हे शास्त्र आहे."

"त्येबी शास्त्रच म्हणायचे," ती म्हणाली आणि डबा संध्याकाळी न विसरता घरी न्यायची आठवण करून निघून गेली. मला राग आला. तिचा नव्हे, पण नक्की कोणाचा तेही सांगता आलं नसतं.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. माझे मार्गदर्शक विद्यापीठात होते, तिथे जायला एक दिवस आणि यायला एक दिवस. हे काम हिंगोलीत होणार नाही, असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "तिथे डाळमिल चालेल हो, चुंबकाचं काम नाही चालणार. नोकरी सोडा आणि इकडे या, नाहीतर विषय बदला." नोकरी सोडणं मला शक्य नव्हतं. विषय बदलणंही शक्य नव्हतं, कारण मी हट्टी होतो. हिंगोलीत बसून केलेला थर चुंबकीय आहे हे मला त्यांच्या टेबलावर ठेवून दाखवायचं होतं. पीएच.डी. हवीच होती, पण त्याहून जास्त मला ते हवं होतं.

त्या हट्टापायी मी काय काय केलं ते आठवलं की आता मलाच हसू येतं. द्रावण फवारायला दाबाची हवा लागते. कॉलेजात पंप नव्हता. मी वारंगा फाट्यावरच्या टायरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब आणली. ती गावातल्या पंक्चरच्या दुकानात टम्म फुगवायची, सायकलच्या कॅरिअरला बांधून कॉलेजात न्यायची आणि तिच्या तोंडाला रबरी नळी जोडायची. रस्त्याने पोरं ओरडायची, "सर पोहायला चालले!" हीटरवर पितळेचा जाड पत्रा ठेवला होता, लोखंडाचा तवा चालला नसता म्हणून. त्या तापल्या पत्र्यावर काचेच्या पट्ट्या मांडायच्या आणि वरून द्रावणाचा बारीक फवारा सोडायचा. फवारा काचेवर पडताच उडून जायचा आणि मागे थर राहायचा. उचलायला बांबूचा चिमटा, तो मीच तासला होता.

हे सगळं छान जमत आलं की वीज जायची. पत्रा थंड पडायचा, ओला फवारा काचेवर तसाच बसायचा आणि थराची भुकटी होऊन बोटाला यायची. किती पट्ट्या अशा गेल्या! हवा भरलेली ट्यूब एका कोपऱ्यात आणि मी दुसऱ्या कोपऱ्यात, दोघंही फुगून बसलेले असायचो. कोबाल्टचा क्षार मार्गदर्शकांनी त्यांच्या साठ्यातून दिला होता, एकच छोटी बाटली. दर वेळी वीज गेली की त्या गुलाबी खड्यांची पातळी खाली गेलेली दिसायची.

शेवटी बाटलीचा तळ दिसत असताना एका आठवड्यात वीज टिकली, फवारा टिकला, मी टिकलो, आणि नऊ-दहा चांगल्या पट्ट्या हाताला लागल्या. एकसारख्या, चकचकीत, मधाच्या रंगाच्या. मी विद्यापीठात निरोप पाठवला. मार्गदर्शकांचे एक जुने मित्र हैदराबादला एका प्रयोगशाळेत होते, तिथे चुंबकत्व मोजायचं यंत्र होतं. त्यांनी मेहरबानी म्हणून दसऱ्यानंतरचे दोन दिवस मला दिले. मार्गदर्शकांनी सोबत सांगून टाकलं की माझ्या नोंदणीची मुदत या वर्षअखेर संपते आहे, ही शेवटची वाढ होती, आणि मोजमाप हातात नसेल तर ते पुढे काही करू शकणार नाहीत. म्हणजे सगळं त्या पट्ट्यांवर आलं. कोबाल्ट संपलेलं, मुदत संपत आलेली, आणि यंत्र दोन दिवसांसाठी माझं.

आमच्या भागात दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ज्याने त्याने आपल्या कामाची हत्यारं पुजायची असतात. शेतकरी विळे-कुऱ्हाडी पुजतो, सुतार करवत-रंधा पुजतो, ड्रायव्हर गाडीला हार घालतो. कॉलेजातही पूजा व्हायची. रसायनशास्त्राच्या मोठ्या टेबलावर चादर अंथरून सगळ्या विभागांची अवजारं मांडली जायची, तराजू, सूक्ष्मदर्शक, लोखंडी स्टँड, वर्कशॉपमधल्या कानशी, हातोड्या, करवती, आणि कोपऱ्यात ऑफिसचा टाइपरायटर. प्राचार्य नारळ फोडायचे आणि पेढे वाटले जायचे. त्याला माझी कधी हरकत नव्हती. मी त्यात नसायचो, इतकंच. दसऱ्याचा दिवस आमचा धम्मदीक्षेचा दिवस. मी नवमीला सकाळीच बस धरून गावी जायचो, दसऱ्याला आईबरोबर विहारात असायचो.

पूजेची सगळी मांडामांड आमच्या प्रयोगशाळेचे मामा करायचे. कॉलेजात शिपायाला सगळेच मामा म्हणत, पण हे मामा मला खरोखर मामासारखे होते. मूळचे डोंगरकडा गावचे, घरी थोडी शेती, वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. मी नवीन रुजू झालो तेव्हा स्टाफरूममध्ये एका प्राध्यापकाने आपला पाण्याचा पेला गुपचूप कपाटात ठेवायला सुरुवात केली होती. मामांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ते दुपारचा चहा माझ्या खोलीत घेऊन येऊ लागले, एकच किटली, दोन कप, आणि समोर बसून पिऊ लागले. ते मी विसरलेलो नाही.

त्या वर्षीही मी नवमीला गावी गेलो. पट्ट्या लाकडी डब्यात कापसावर नीट ठेवल्या, शेजारी तुलनेसाठी एक कोरी काच ठेवली, आणि डबा खोलीतल्या कपाटात ठेवून दाराला कुलूप लावलं. मामांना सांगितलं, दोन दिवसांनी आलो की मी हैदराबादला जाणार आहे, त्या काचांवर माझं सगळं आहे. त्यांना किल्ली ठेवा असं सांगायची गरज नव्हती, सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडेच असायच्या.

परत आलो तेव्हा खोलीत उदबत्तीचा वास होता. हीटरवरच्या पितळी पत्र्याला झेंडूची माळ. ट्रकच्या ट्यूबलाही माळ. आणि टेबलावर माझा लाकडी डबा उघडा. प्रत्येक पट्टीवर मधोमध हळदीचं आणि कुंकवाचं बोट, त्यावर चिकटलेल्या अक्षता. कोऱ्या काचेवरसुद्धा.

मी "मामा!" म्हणून अशी हाक मारली की बाहेरच्या व्हरांड्यातली मुलं पळाली.

मामा आले ते हसत आले. "आलात व्हय सर? बघा, तुमच्या काचायची पूजा म्या आलग केली. हैदराबादला चालल्या नं! नारळ बी माझ्या पैशाचं फोडलं." मग माझं तोंड पाहून ते थांबले. "काहून? काही चुकलं का?"

आता या माणसावर ओरडायचं कसं? त्यांनी माझ्या नावाने नारळ फोडला होता. आणि दुसरंही एक होतं, ते मी स्वतःपाशी सुद्धा पटकन कबूल करत नसे. या कॉलेजात कुंकवाविरुद्ध आवाज चढवायचा अधिकार इतर कोणालाही असेल, मला नव्हता. मी ओरडलो असतो तर थरांसाठी ओरडलो असं कोणी म्हटलं नसतं. म्हणून मी एवढंच म्हटलं, "काही नाही मामा. थोडं पुसावं लागेल."

दुपारभर मी स्पिरिट आणि कापूस घेऊन बसलो. हळद जरा हट्टी, कुंकू लवकर निघालं. काही पट्ट्यांवर बोटाखालचा थरही कुंकवासोबत निघून आला. त्या गेल्या. निम्म्या शाबूत राहिल्या, साबणाच्या पाण्याने धुतल्या, वाळवल्या, उजेडात धरून पाहिल्या. लिंबाचं झाड पुन्हा तपकिरी दिसलं तेव्हा मी श्वास सोडला. कोरी काचही त्याच पाण्यातून काढली. आम्लात बुडवून धुणं शक्य नव्हतं, थरच विरघळला असता.

छोट्या रेल्वेगाडीने पूर्णा जंक्शन, आणि तिथून पुढे हैदराबाद. डबा मी पूर्ण प्रवासभर मांडीवर धरून बसलो. गाडी अर्थातच लोखंडाची होती, त्याला काही इलाज नव्हता.

यंत्रावर बसणारे शास्त्रज्ञ उंच, किडकिडीत आणि मितभाषी होते. ते माझ्याशी हिंदीत बोलत. त्यांनी पहिली पट्टी नळीत अडकवली आणि मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये सोडली. बाहेरचं चुंबकीय बळ वाढवत नेलं की नमुन्यातलं चुंबकत्वही वाढत जातं, आणि बळ कमी केलं की ते त्याच वाटेने परत येत नाही, थोडं मागे रेंगाळतं. यंत्राचं पेन कागदावर ही जायची आणि यायची वाट काढतं. त्या दोन वाटांनी मिळून जी बंद आकृती होते तिला आम्ही लूप म्हणतो. इतकी वर्षं मी ती फक्त छापील कागदावर पाहिली होती.

पेन हललं. वर चढलं, सपाट झालं, परत फिरलं, खाली आलं. कागदावर एक ठसठशीत आकृती उमटली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी ते लपवलंही नाही. पंक्चरच्या दुकानातली हवा, पितळेचा पत्रा, बांबूचा चिमटा, हे सगळं त्या शाईच्या रेघेत होतं. विद्यापीठातल्या त्या टेबलावर हा कागद मी कसा ठेवणार, काय बोलणार, हेही मी मनात ठरवून टाकलं.

"बहुत अच्छा आया है," ते म्हणाले. मग कागदाकडे बघत राहिले. "कुछ ज़्यादा ही अच्छा आया है."

दुसरी पट्टी लावली. तसंच. तिसरी. तसंच. त्यांनी चष्मा काढला आणि मला समजावून सांगितलं, जे मला खरं तर माहीत होतं. कोबाल्टवाला पदार्थ हट्टी असतो, एकदा चुंबक झाला की सहजासहजी सोडत नाही, त्याची जायची आणि यायची वाट एकमेकींपासून लांब असते. लूप पोट फुगलेलं यायला हवं. हे तर अरुंद होतं. मऊ, उतावळं, आणि एवढ्या पातळ थराच्या मानाने भलतंच जोरदार. साध्या लोखंडासारखं.

"कोरी काँच लाए हैं?" त्यांनी विचारलं.

मी डब्यातून कोरी काच काढून दिली. त्यांनी ती नळीत अडकवली. कोऱ्या काचेवर काहीच नसतं, पेनने जवळजवळ सपाट रेघ ओढायला हवी. पेन हललं, वर चढलं, सपाट झालं, परत फिरलं. तेच लूप. थोडं लहान, पण तेच.

ज्या काचेवर मी काहीही केलं नव्हतं ती माझ्या पट्ट्यांच्या बरोबरीने चुंबक होऊन बसली होती. उरलेला सगळा वेळ आम्ही पट्ट्या धुण्यात घालवला, घासून, पुसून, पुन्हा लावून. लूप कमी व्हायचं, जायचं नाही, आणि घासताना थरच निघत होता. काचेच्या कापलेल्या खरखरीत कडांना काहीतरी तेलासकट रुतून बसलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी यंत्र बंद केलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले की पुढचे सहा महिने यंत्र दुसऱ्यांना दिलेलं आहे.

हिंगोलीला आलो तो स्टेशनवरून थेट कॉलेजात गेलो. मामा खोलीपाशीच होते, वाटच बघत होते.

"झालं का काम, सर?"

"मामा, पूजेच्या आधी काचा कशाने पुसल्या होत्या?"

"फडक्यानं. काहून?"

"कोणत्या फडक्याने?"

त्यांनी खुंटीवरचं फडकं आणून दिलं. "ह्याच्यानंच. आधी समदी हत्यारं पुसली, कानशी, करवती, हातोड्या, त्यायला तेल लावलं, आन् मंग तुमच्या काचा बी चमकवल्या. अशा धूळ बसल्यावानी दिसत व्हत्या."

धूळ बसल्यासारख्या! माझा थर तो! मी टेबलाच्या खणातून विद्यार्थ्यांची चुंबकपट्टी काढली आणि फडक्यावरून फिरवली. चुंबकाच्या टोकाला काळ्या किसाची दाढी उभी राहिली. ती मी मामांच्या डोळ्यांसमोर धरली आणि मग मला थांबता आलं नाही. इतके दिवस गिळलेलं सगळं बाहेर आलं. हे लोखंड पाहा, कानशीतलं, करवतीतलं, ते तेलाने माझ्या काचांना चिकटवलंत. कोबाल्ट संपलं, यंत्र गेलं, मुदत गेली, माझी सगळी वर्षं या फडक्यात पुसली गेली. मी ओरडत होतो आणि व्हरांड्यात माणसं गोळा होत होती.

मामांनी चुंबकाकडे पाहिलं, मग फडक्याकडे. "देवापाशी तुमचंच नाव घेतलं व्हतं, सर," एवढंच म्हणाले, आणि ते फडकं घडी करून खिशात घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहा मागवला, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "मला एक स्पष्ट सांगा. तुमचा आक्षेप पूजेला आहे की फडक्याला?"

"फडक्याला," मी म्हटलं. "फक्त फडक्याला."

"मला पटतं. पण बाहेर तसं बोललं जात नाहीये. सरांनी देवाच्या पूजेने संशोधन बाटलं असं म्हटलं, असं चाललंय." मग म्हणाले, "तुमच्या भावना मी समजू शकतो. पण इतरांच्याही भावना आहेत ना."

माझ्या भावना! मी किसाबद्दल बोलत होतो. काचेच्या कडेला रुतलेल्या, चुंबकाला चिकटणाऱ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या किसाबद्दल. त्यात भावनेचा संबंध कुठे होता? पण त्या खोलीत मी रसायनशास्त्राचा माणूस म्हणून बसलेलोच नव्हतो. मी चहा तसाच ठेवून उठलो.

मग विद्यापीठ. मार्गदर्शकांच्या टेबलावर मी कागद ठेवले, ज्या टेबलावर ठेवायचं स्वप्न इतकी वर्षं पाहिलं होतं त्याच टेबलावर. थरांची लूप पाहून ते खुलले. "अरे वा! हिंगोलीत केलंत हे?" हेच वाक्य मला ऐकायचं होतं. मग मी कोऱ्या काचेचा कागद वर ठेवला. त्यांनी तो पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"कोरी काच लावायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"लावायलाच हवी, सर."

"हवी. पण दाखवायलाच हवी असं नाही." त्यांनी तो कागद उलटा करून ठेवला. "अहो, इतक्या लांब, विजेविना, एवढं केलंय तुम्ही. थोडंफार लोखंड मिसळलं असेल. प्रबंधात थरांचे आलेख घाला. कोण विचारणार आहे?"

ते माझ्या भल्यासाठीच बोलत होते. आणि मला मोहही झाला, का नाही होणार? घरी आईला सांगता आलं असतं, स्टाफरूममध्ये तोंड वर करून बसता आलं असतं. पण ते लूप माझ्या थराचं नव्हतं, कानशीच्या किसाचं होतं, आणि हे मला माहीत होतं. मी तो कागद पुन्हा उलटून सरळ केला. "सर, हे घालता येणार नाही."

"मग नवे करा," ते म्हणाले.

कशाचे करणार होतो? वर्ष संपलं आणि नोंदणी गेली. त्या थरांत खरंच चुंबकत्व होतं की नव्हतं हे मला आजतागायत माहीत नाही. असेल असं वाटतं. वाटण्याला विज्ञानात काही किंमत नसते.

नंतर मी खोलीत जात राहिलो, वर्ग असले नसले तरी. मामा चहा आणायचे, पण पूर्वीसारखे आत येऊन बसत नसत. किटली दाराशी ठेवून जायचे. मी एकदोनदा हाक मारली, ते "काम हाय सर" म्हणून निघून जायचे. मला वाटलं रागावले असतील, आणि रागावायचा त्यांना हक्क होता.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी आली. मी गावी निघायच्या तयारीने पिशवी घेऊन खोलीत आलो होतो, पुस्तकं न्यायला. मामा दारात आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. हातातली माझ्या खोलीची किल्ली त्यांनी लांबूनच पुढे केली.

"ही तुमीच घेऊन जा, सर. तुमच्या खोलीला कोनी हात लावणार न्हाई. समद्यायला सांगून ठेवलंय म्या."

"आत या ना मामा. असे दारात काय उभे आहात?"

"न्हाई," ते म्हणाले आणि कमरेला लटकणारा किल्ल्यांचा जुडगा त्यांनी दाखवला. "माझ्याजवळ लोखंड हाय."

म्हणजे वर्षभर ते रागावलेले नव्हते. वर्षभर ते नियम पाळत होते. माझ्या आईला मी जिथे थांबवलं होतं, बरोबर त्याच जागी उभे राहून.

मी मागे वळून खोलीकडे पाहिलं. थंड हीटर, हवा गेलेली ट्यूब, कोबाल्टची रिकामी बाटली. लोखंडापासून जपावं असं तिथे आता काहीही नव्हतं. "मामा, या आत," मी पुन्हा म्हटलं. "इथे आता काही नाही."

ते आले नाहीत. किल्ली उंबऱ्यावर ठेवून दोन पावलं मागे सरले, आणि मी ती उचलेपर्यंत तिथेच उभे राहिले.